अर्ध्या मिलिमीटरचा पडदा

१८६७ सालीं विरारहून मुंबईस पहिली लोकल गाडी निघाली, तेव्हां बुबुळापुढील काचेसारख्या पडद्याची, म्हणजे स्वच्छमंडलाची, जाडी कळे ती बहुधा मृतांच्या डोळ्यांवरून. १८८० सालीं स्वीडनच्या मॅग्नुस ब्लिक्स ह्यांनीं पडद्याच्या दोन्ही पृष्ठांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या आधारें जिवंत डोळ्यांत ती मोजली. १९५१ सालीं मॉरिस व जिआर्दिनी ह्यांनीं साधें प्रकाशयंत्र केलें. पुढें ध्वनितरंगांनीं काम आणखी सोपें झालें. ही जाडी भरते अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास!

आज वसई-विरारचा ऱ्हस्वदृष्टीचा तरुण चष्मा टाकण्याच्या हौसेनें (कित्येकदां लग्नाच्या घाईनें) लेसर शस्त्रक्रियेची चौकशी करतो, तेव्हां आधीं हेंच माप घेतात. लेसर ह्या पडद्याचाच अंश काढून टाकतो. नंबर मोठा, तितका अंश अधिक. उरलेला पडदा फार पातळ झाला, तर तो पुढें फुगून दृष्टि बिघडण्याचें भय असतें. ऱ्हस्वदृष्टींत मूळ दोष बहुधा नेत्रगोल लांबल्याचा. पडदा पातळ असतोच असें नाहीं. म्हणून नंबरावरून जाडीचा तर्क चालत नाहीं. सारख्याच नंबराच्या दोघां भावांपैकीं एकास डॉक्टर होकार देतात, दुसऱ्यास नकार. घरच्यांस हा लहरीपणा वाटतो, परंतु त्यामागें बहुधा हेंच माप असतें.