सॅबाटन
१. सॅबाटन : स्वीडनमधील फालुन येथे १९९९ साली स्थापन झालेला हेवी मेटल बँड. गायक योआकिम ब्रोडेन आणि बासवादक पेर सुंडस्ट्रॉम हे आरंभापासूनचे सदस्य. ‘प्रिमो व्हिक्टोरिया’ (२००५) या अल्बमचे शीर्षकगीत १९४४ च्या नॉर्मंडी चढाईवर आहे. तेव्हापासून युद्धेतिहास हाच बँडचा मुख्य विषय. ‘कॅरोलस रेक्स’ (२०१२) स्वीडिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याच वर्षी बहुतेक जुने सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘सिव्हिल वॉर’ हा बँड काढला. ‘द ग्रेट वॉर’ (२०१९) पहिल्या महायुद्धावर आहे. पोवाडा सहसा एकाच पक्षाचा पराक्रम गातो. सॅबाटन मात्र दोस्त सैन्याइतकाच जर्मन रणगाडादळाचाही पराक्रम ‘घोस्ट डिव्हिजन’ (२००८) या गाण्यात गातो.