दगडावर कोरलेली खातेवही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या पेठेत नव्या वह्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि व्यापारी ‘श्री’ लिहून नवे खाते उघडतो. ह्या वहीपूजनाच्या निमित्ताने वाचकांना त्याच गावच्या एका फार जुन्या खात्याची ओळख करून द्यावीशी वाटते. ते खाते कागदावर नाही, डोंगराच्या कातळावर आहे, आणि सुमारे एकोणीसशे वर्षे होऊन गेली तरी त्यातील एकही आकडा पुसला गेलेला नाही.

मिसर देशातील लोक कसे जेवत, काय नेसत, कोणाचे किती देणे लागत, हे आपणांस पापिरसावरील लेखांवरून कळते. तेथील कोरड्या हवेने ते जपले. आपल्याकडे पावसाळा आणि वाळवी ह्यांनी असली लिखापढी कधीच फस्त केली. उरले ते दगडावरचे. म्हणूनच प्राचीन नाशिककरांची मीठभाकर शोधायची तर पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

ह्या लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत. शिलालेखांत ह्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. जवळच गोवर्धन हे त्या काळचे भरभराटीचे ठाणे होते. गंमत अशी की प्राकृतातल्या त्या लेखांत गुहेला ‘लेण’च म्हटले आहे. आपल्या आजीच्या तोंडचा शब्द तेव्हाही ह्याच मातीत वावरत होता!

दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जावई उषवदात ह्याचे लेख आहेत. त्यांतील एकात वर्ष ४२ अशी नोंद आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक ह्या व्याजाने. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण ह्या दराने. मुद्दल परत मागायचे नाही, खर्चायचे ते फक्त व्याज. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना त्यातून प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे.

आता हिशेब करून पाहा. दोन हजारांचे व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा वाटले की बेरीज २४०! ना एक नाणे कमी, ना एक जास्त. उरलेल्या हजाराचे वर्षाचे व्याज ९०. ते किरकोळ गरजांसाठी राखलेले. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला, असेही लेख सांगतो.

राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो सरकारी खजिन्यात नव्हे, मागावर बसणाऱ्या माणसांच्या पेढीत. कारण उघड आहे. राजे येतात आणि जातात, पण माणसाला कापड नेहमीच लागते. त्या काळी मिसरच्या बंदरांतून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यावर भडोचला लागत आणि आपल्याकडचे सुती कापड भरून परतत. पैठण आणि तेर येथला माल बैलगाड्यांतून भडोचला जाई, असे त्याच काळातील एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. मागाला काम होते, म्हणून श्रेणीला पत होती.

विश्वास विणकरांवरच होता असेही नाही. पुढे आभीर राजा ईश्वरसेन ह्याच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या. त्या सांभाळणाऱ्यांत कुंभार होते, पाण्याची यंत्रे करणारे होते, तेलीही होते. आठव्या लेण्याचा दाता मुगुदास हा ‘दासक’ होता. ह्या शब्दाचा अर्थ अभ्यासक कोळी असा करतात. राजकन्येपासून कोळ्यापर्यंत सारे ह्या एका डोंगरावर भेटतात.

आणि राज्य खरोखरच बुडाले! गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सारी नहपानाची, पण त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नाण्यावरचा धनी बदलला; चांदी तीच राहिली.

विजेत्याने भिक्षूंना मात्र वाऱ्यावर सोडले नाही. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्यांना दिले. चोविसाव्या वर्षी राजमातेसह दुसरी आज्ञा निघाली. तिचा आशय असा: ते गाव ओस पडले आहे, शेत कोणी कसत नाही, म्हणून नगराच्या शिवेवरील आपल्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत. पडीक जमीन दान देऊन पुण्य पदरात पाडून घेणारे दाते कमी नसतात. आपले दान पिकत नाही हे कळल्यावर ते बदलून देणारा राजा विरळा, आणि ते दगडावर कोरून जगजाहीर करणारा त्याहूनही विरळा.

पिरॅमिडांच्या पोटात राजांनी आपल्या मरणोत्तर प्रवासाची शिदोरी भरून ठेवली. त्रिरश्मीच्या पोटात आपल्या पूर्वजांनी जिवंत माणसांच्या कापडाची आणि औषधाची तजवीज नोंदवून ठेवली. भव्यतेत आपण हरलो असू. पण पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान उघडताना, ह्या गावच्या जुन्या वहीची बेरीज अजून चुकलेली नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.