पन्नास सह्यांचें मुखत्यारपत्र

राज्य चालविणाऱ्यास सैन्य लागतें, पैसा लागतो, हुषार कारभारी लागतात. परंतु या सर्वांहून दुर्मिळ अशी एक वस्तु त्यास लागते व ती विकत मिळत नाहीं. ती म्हणजे खरी बातमी. पदरचा माणूस धन्यास रुचेल तेंच बहुधा सांगतो. न रुचणारें सांगण्यास प्रजेंतीलच कोणी तरी निर्भयपणें पुढें यावें लागतें, आणि राज्यकर्त्यानें तें ऐकून घ्यावें लागतें. ऐकल्यानें काय साधतें व न ऐकल्यानें काय बिघडतें, या दोहोंचा पडताळा पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या इतिहासांत सांपडतो.

२ एप्रिल १८७० रोजीं ही सभा स्थापन झाली. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयीं लोकांचीं जीं गाऱ्हाणीं होतीं, त्यांतून तिचा उगम झाला. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि हे तिचे पहिले अध्यक्ष. परंतु तिचा प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी वकील, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणूं लागले. सभेनें एक विलक्षण नियम केला होता. ज्यास सभासद व्हावयाचें असेल त्यानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें! आरंभीं असे ९५ सभासद मिळाले व त्यांच्या पाठीशीं ६,००० हून अधिक लोक उभे राहिले. कायदे कौन्सिलांत लोकांनीं निवडलेला एकही प्रतिनिधि नव्हता, अशा काळची ही गोष्ट आहे. ‘तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?’ या प्रश्नास सह्यांचा कागद हेंच उत्तर होतें.

१८७१ सालीं न्यायमूर्ति रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामास अभ्यासाची जोड मिळाली. लवकरच तिची कसोटी लागली. १८७६ सालीं पाऊस गेला व दक्षिणेंत घोर दुष्काळ पडला. १८७७ च्या जानेवारींत दिल्लीस लॉर्ड लिटन यांचा थाटाचा दरबार भरला, त्या वेळीं इकडे गांवेंच्या गांवें ओस पडत होतीं. त्या दरबारास सार्वजनिक काका सभेचें मानपत्र घेऊन गेले, ते हातच्या सुताचीं जाडीं भरडीं वस्त्रें नेसून!

दुष्काळी कामांवरील खर्च कमी करण्यासाठीं सर रिचर्ड टेंपल यांनीं पुरुष मजुरास दररोज एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्य व वर थोडेसे पैसे इतकी मजुरी सुचविली. कागदावर ती पुरेशी दिसत होती. परंतु सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून दुष्काळाचीं वृत्तें मुंबई सरकारकडे धाडलीं; पिकांची, गुरांची, कामांवरील माणसांची स्थिति त्यांत होती. एवढ्याशा अन्नावर दिवसभर खडी फोडणारा माणूस टिकणार नाहीं, हें सभेचें म्हणणें होतें. मजुरांनींही हजारोंच्या संख्येनें कामें सोडून तेंच सांगितलें. सरकारास हें सारें मानवलें असें नव्हे. पण सभेशीं पत्रव्यवहाराचें दार त्यानें बंद केलें नाहीं. पुढें १८८० सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल आला व १८८३ सालीं फॅमिन कोड तयार झाला. दुष्काळांत रयतेस काय मिळावें हें प्रथमच नियमानें ठरलें.

सभेची उणीवही सांगितली पाहिजे. शहरांतील शिकलेले ब्राह्मण, सरदार व सावकार यांचाच तींत भरणा होता. शूद्रातिशूद्र शेतकऱ्यास वगळून सभा ‘सार्वजनिक’ कशी, हा जोतीराव फुले यांचा आक्षेप खोडून काढण्याजोगा नव्हता. सरकारनें आपलें ऐकावें असें म्हणणाऱ्यानें आपल्याखालच्याचेंही ऐकावयास नको काय?

१८९६ सालीं दुष्काळ पुन्हां आला. आदल्याच वर्षीं सभा टिळकपक्षाच्या हातीं आली होती. तिचे लोक खेडोपाडीं जाऊन फॅमिन कोडांतील सवलती रयतेस समजावून देऊं लागले. हें सांगणें सरकारच्याच नियमांचें होतें. तरी लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारनें १८९७ सालीं, सार्वजनिक प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा या सभेस अधिकार नाहीं, असें ठरविलें. सत्तावीस वर्षांचें दार बंद झालें. त्याच वर्षीं पुण्यांत प्लेग आला, गोरे सोल्जर घरोघर तपासणीस शिरले, लोकांचा संताप अनावर झाला. आणि २२ जूनच्या रात्रीं रँड व आयर्स्ट या दोघां अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. सभेची मान्यता काढली म्हणूनच हें घडलें, असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु गाऱ्हाणें सांगण्याची जागा जेथें उरत नाहीं तेथें गाऱ्हाणें मात्र उरतें, आणि मग तें कोणत्या वाटेनें बाहेर पडेल हें कोणाच्याच हातीं रहात नाहीं.

आज निवडणुकींतील मतानें त्या मुखत्यारपत्राची जागा घेतली आहे. परंतु राज्यकर्ता लोकांनीं निवडला म्हणून त्यास आपोआप कान फुटत नाहींत. पन्नास जणांचें म्हणणें घेऊन कोणी दाराशीं आला, तर त्यास आंत बोलावून बसवावें, हा सुराज्याचा पहिला नियम १८७० इतकाच आजही खरा आहे.