फाळापासून क्राऊन-पिनियनपर्यंत



झिजलेला भाग बदलून अवजार चालू ठेवायचं, हे आपल्याला ट्रॅक्टरनं शिकवलेलं नाही. लाकडी नांगराच्या काळात फाळ बोथट झाला की लोहार तो पाजवून देई; नांगर कुणी टाकून देत नसे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते असा समज होता, म्हणून पहिली दोन वर्षं गिऱ्हाईकच मिळेना. पुढं १९१० साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. अशा नांगराचा झिजणारा भाग बोल्ट सोडून बदलता येई.

मग ट्रॅक्टर आले. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. १९६३ साली महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. त्या काळच्या बहुतेक ट्रॅक्टरांचा जोर फक्त मागच्या चाकांवर असे. मेढा भागात भाताच्या चिखलणीला अशी चाकं जागेवरच फिरतात. इटलीत सामे कंपनीनं १९५२ सालीच चारही चाकांना जोर देणारा डिझेल ट्रॅक्टर काढला होता. आपल्याकडं लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातले असे छोटे ट्रॅक्टर बऱ्याच उशिरा आले. महिंद्रचा जिवो २०१७ सालचा.

यात गिअरबॉक्सपासून एक शाफ्ट पुढं जातो. काही ट्रॅक्टरांत शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात, आणि पुढच्या हाऊसिंगमध्ये क्राऊन-पिनियन. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील, साधारण शेकडा १ ते ५, अशी गिअरांची जुळणी असते. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरून जातो. डांबरीवर चाक घसरत नाही. तो सगळा ताण क्रॉसवर, बेअरिंगवर आणि दात्यांवर येतो. म्हणून मेढ्याहून केळघर घाटाकडं ट्रॅक्टर नेताना फोरबायफोर सोडलेला बरा. मात्र ओझं घेऊन उतरताना काही ट्रॅक्टरांत ब्रेकसाठी पुढची जोडणी लागते, तेव्हा कंपनीची पुस्तिका आधी पाहा.

भाग बदलण्याआधी तो का झिजला ते शोधा. पुढचे टायर नवे आणि मागचे गुळगुळीत असतील, किंवा टायरचं माप चुकीचं असेल, तर नवा क्रॉसही लवकर जातो. पुढचं गिअर ऑइल काढून पाहा. त्यात लोखंडाचे तुकडे दिसले तर ट्रॅक्टर चालवू नका. ऑइल सील गळत असेल तर सीलबरोबर त्याजागचं बेअरिंगही तपासा, कारण बेअरिंग ढिलं असलं तर नवा सील टिकत नाही. क्रॉस बदलताना त्याच्या कपांसह पुरा संच घाला. क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदला. जुन्याशी नवा दाता नीट बसत नाही. दात्यांमधला प्ले शिम घालून पुस्तिकेतल्या मापानं जुळवावा लागतो. हे काम अंदाजानं होत नाही, जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

ही तपासणी उन्हाळ्यात उरका. आपल्याकडं चिखलणीचे दिवस मोजकेच असतात. आषाढात ट्रॅक्टर खोलून बसला, तर सुटा भाग मिळेपर्यंत रोपं तरव्यातच वाढून जातात.