एका छपराखाली चार चुली

नगराची वाढ दोन रीतींनी होते. एक रीत डोळ्यांना दिसते. शेत मोजले जाते, खुंट्या ठोकल्या जातात, रस्ते आखले जातात आणि दोन-चार वर्षांत भातखाचराच्या जागी घरांची रांग उभी राहते. दुसरी रीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. असलेल्याच घरावर माडी चढते, परसातील गोठ्याच्या जागी दोन खोल्या होतात, बाहेरच्या बाजूने जिना निघतो, आणि कालपर्यंत जेथे एक चूल पेटत होती तेथे तीन पेटू लागतात. पहिल्या रीतीला नकाशावर नाव मिळते. दुसरीची नोंद फार तर घरपट्टीच्या वहीत सापडते. तथापि गावाची पिकाऊ जमीन ज्या काही प्रमाणात वाचली, ती या दुसऱ्या रीतीनेच वाचली आहे.

बेळगावला लागून असलेले अनगोळ या दोन्ही रीतींची साक्ष देते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे वेगळे गाव आज बेळगाव शहराचा भाग झाले आहे. एका अंगाला टिळकवाडी, जवळच उद्यमबागेतील कारखाने, आणि पलीकडे शहापूर, वडगाव, येळ्ळूर या गावांशी जोडलेले भाताचे शिवार. बेळगावी बासमती म्हणून ज्या तांदळाचा सुवास सर्व सीमाभागात परिचित आहे, तो याच पट्ट्यातला. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीच्या परिसरात भरले, तेव्हा ‘विजयनगर’ नावाची तात्पुरती नगरी वसली होती. अधिवेशन संपताच त्या नगरीतील तंबू-झोपड्या उतरल्या. त्या वेळी खणलेली विहीर तेवढी मागे राहिली. पुढे त्याच दिशेने जे शहर वाढत आले, ते मात्र परत गेले नाही. हलगा ते मच्छे या वळणरस्त्याला याच शिवारातील शेतकऱ्यांनी अलीकडच्या काळात जो कडवा विरोध केला, त्याच्या मुळाशी हीच वेदना आहे. रस्ता असो वा वसाहत, किंमत चुकती होते ती भातखाचरातून.

यावर उपाय नवीन शोधण्याचे कारण नाही. मराठी मुलखाच्या इतिहासात तो अनेकदा योजून पाहिला गेला आहे. कधी तो साधला, कधी फसला. तो का साधला आणि का फसला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

जुन्या गावात घर हे मुळी एका कुटुंबाचे नसून एका कुळाचे असे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे परसू आणि वर माडी. भाऊ वाटले की माजघरात भिंत उभी राही आणि एका घराची दोन घरे होत. गल्लीचे रूप तेच, विहीर तीच, केवळ चुली वाढत. कन्नड मुलखात ज्याला वठार म्हणतात, त्या एका अंगणाभोवतालच्या बिऱ्हाडांचीही कुळकथा अशीच आहे. मुंबईस गिरगावातील खोताच्या वाडीत ख्रिस्ती आणि पाठारे प्रभू मंडळींची जी दुमजली घरे होती, त्यांतील कित्येक घरांना जिना बाहेरून काढलेला असे. वरकरणी ही शोभेची गोष्ट वाटते. पण तिचा अर्थ व्यवहारी आहे. जिना बाहेरून असला की वरचा मजला निराळ्या बिऱ्हाडास देता येतो, आणि मालकाच्या देवघरातून वा स्वयंपाकघरातून परक्याला ये-जा करावी लागत नाही. सोबत हवी पण अडचण नको, या माणसाच्या जुन्या गरजेला सुतार-गवंड्यांनी दिलेले हे उत्तर होते.

या पद्धतीत दोषही होते. वाटणीची भिंत उभी राहताना उजेडाचा विचार कोणी करीत नसे. मधल्या खोल्या अंधाऱ्या होत, सांडपाणी बोळात साचे. या दोषाची भयंकर किंमत मुंबईने १८९६ मध्ये मोजली. त्या वर्षी मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा पहिला रोगी ज्यांनी ओळखला, ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे गोव्याचे सुपुत्र. साथ पसरली, हजारो माणसे दगावली, हजारो शहर सोडून गेली. १८९८ मध्ये सरकारने मुंबई नगर सुधारणा मंडळ, लोकांच्या भाषेत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढण्यात आले. हवा खेळली हे खरे. परंतु ज्यांची घरे पाडली त्या सर्वांना तितकी घरे मिळाली नाहीत. ते जवळच्याच दुसऱ्या चाळीत दाटीवाटीने शिरले. एकीकडची गर्दी दुसरीकडे गेली, एवढेच.

याच काळात स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. १९१४ मध्ये ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन आले आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापक होते. जुन्या वस्त्यांवर कुऱ्हाड चालवण्यास त्यांचा विरोध होता. शस्त्रवैद्य जसा रोगट तेवढाच भाग काढतो, तसे पडीक घर तेवढे काढावे, त्या जागी लहानसे अंगण किंवा झाड ठेवावे, आणि उरलेली वस्ती जपावी, असा त्यांचा आग्रह होता. अनगोळसारख्या गावठाणाला आजही हे तत्त्व लागू पडते.

ट्रस्टचे अधिक यशस्वी काम झाले ते दादर-माटुंग्यास. तेथे मोकळ्या जमिनीवर भूखंड पाडताना इमारतींची उंची मर्यादित ठेवण्यात आली. दोन इमारतींमध्ये अंतर सक्तीचे झाले. रस्त्याकडेला झाडे लागली. मंचेरजी एडलजी जोशी यांच्या खटपटीने वसलेली पारशी कॉलनी आणि शेजारची हिंदू कॉलनी ही त्याची ठळक उदाहरणे. या वसाहतींत बंगले थोडे आणि लहान इमारती पुष्कळ. एका जिन्यावर मोजकी बिऱ्हाडे. माणसांची वस्ती बंगल्यांच्या कितीतरी पट, पण गर्दीची भावना नाही. शेजारी नावाने ओळखीचा, आणि मुलांना खेळायला बाग हाकेच्या अंतरावर.

परंतु असे घर सामान्य कारकुनाला परवडावे कसे? या प्रश्नाचे उत्तर सहकाराने दिले. सहकारी संस्थांचा पहिला कायदा १९०४ चा. १९१२ च्या कायद्याने कर्जपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही संस्था काढण्याची मुभा मिळाली. तिचा लाभ घेऊन १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. कारवारकडून पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी भाग घेतले, पै-पै जमवली आणि स्वतःच स्वतःचे घरमालक झाले. त्या समाजाचे पाहून इतरही पुढे सरसावले. १९१८ मध्ये वांद्र्यास साष्टी कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. त्याच १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, आणि बेळगाव त्या वेळी मुंबई इलाख्यातच होते हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगावचा कायदेशीर वारसा मुंबईचाच राहिला.

याउलट केवळ संख्येकडे पाहून घरे बांधली म्हणजे काय होते, त्याचा धडाही मुंबईनेच दिला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये विकास खाते निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली एकशे साठ चौरस फुटांची, संडास सामाईक. माणसांनी त्या चाळींत गणेशोत्सव केले, भजने केली, संप केले, आणि जीव लावून संसार केले. हे श्रेय माणसांचे, आराखड्याचे नव्हे. शंभर वर्षांनी त्या चाळी पाडून त्यांच्या जागी गगनचुंबी मनोरे उभारण्याचे काम सुरू झाले आहे.

येथे एक प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. दादर-माटुंग्याची ती मधली वाट चांगली होती, तर ती पुढे खुंटली का? त्याची कारणे अनेक आहेत. पैकी एक भाडेनियंत्रणाचे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, आणि युद्धोत्तर टंचाईत ते अवश्यही होते. पण भाडे गोठले तशी दुरुस्तीही गोठली, आणि भाड्याने देण्यासाठी तीन-चार बिऱ्हाडांचे घर बांधणारा लहान मालक हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी घरे बांधून विकणारा आला. त्याच्या व्यवहाराला शिस्त लावण्यासाठी महाराष्ट्रात १९६३ मध्ये मालकी सदनिकांचा कायदा करावा लागला. कर्नाटकात १९७२ मध्ये सदनिका मालकीचा कायदा झाला. विकणाऱ्याला मोठी इमारत किफायतशीर वाटते. म्हणून आज शहरांत एक तर एकाच कुटुंबाचे घर दिसते, नाही तर मनोरा. मधले घर दुर्मीळ झाले.

जगात अन्यत्रही हे मधले घर हरवले होते, आणि ते परत आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या आराखड्याने, पूर्वी केवळ एका कुटुंबासाठी राखलेल्या भूखंडावर तीन बिऱ्हाडांचे घर बांधण्यास मोकळीक दिली. आपल्या गल्लीत जे रूढीने होत आले, ते त्यांना कायद्याने करावे लागले.

अनगोळच्या दृष्टीने याचा हिशेब साधा आहे. कर्नाटकात तीस बाय चाळीस फुटांचा भूखंड सर्वत्र परिचित आहे. म्हणजे बाराशे चौरस फूट. शंभर कुटुंबांनी प्रत्येकी असा एक भूखंड घेतला, तर रस्ते सोडूनच पावणेतीन एकर शेत जाते. तेच एका भूखंडावर तीन बिऱ्हाडे राहिली, तर एक एकरही लागत नाही. वाचलेली जमीन भात पिकवते. शिवाय शेतकऱ्याच्या मुलाला घर बांधताना वरचा मजला भाड्याने देता येतो, कारखान्यातल्या कामगाराला कामाजवळ छप्पर मिळते, आणि म्हाताऱ्या आईबापांना तळमजल्यावर राहून वरच्या मजल्यावरील मुलाची सोबत होते.

आक्षेप घेणारे म्हणतात की बिऱ्हाडे वाढली की नळाला पाणी पुरणार नाही, गटारे तुंबतील, गल्लीत गाड्या मावणार नाहीत. हा आक्षेप खोटा नव्हे. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात ज्यांच्या शेतात शिरते, त्यांना सांडपाण्याची उपेक्षा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण विखुरलेल्या शंभर घरांना नळ आणि गटार पोचवण्यास जितकी लांबी लागते, तितकी जवळ असलेल्या शंभर बिऱ्हाडांना लागत नाही. दोष चुलींच्या संख्येत नसून नियमाच्या अभावात आहे. भिंतीपासून भिंत किती दूर, खिडकीला आकाश किती, मजले किती, विहीर आणि झाड कोठे, हे आधी ठरले की दादर-माटुंगा होते. न ठरले की मांडवी होते.

१८९६ ची मांडवी आणि १९१५ ची गावदेवी यांच्यामध्ये वर्षे एकोणीसच होती. तेवढ्या अवधीत एका समाजाने भीतीकडून सहकाराकडे वाटचाल केली. सीमेवरच्या या गावालाही तेवढाच अवधी हाताशी असेल. कारण शिवारात खुंट्या ठोकल्या जाण्याचा वेग त्याहून कमी नाही. एकदा फरशीखाली गेलेले खाचर पुन्हा भात देत नाही. छपराचे तसे नाही. त्यावर आणखी एक मजला चढवता येतो, आणि जिना बाहेरून काढता येतो.