जर्मनीतील तुर्की उपाहारगृहे

जर्मनीतील तुर्की उपाहारगृहे ही तुर्कस्तानातून आलेले कामगार व त्यांचे वंशज यांनी जर्मन शहरांच्या वस्त्यावस्त्यांत चालविलेली लहान खाद्यगृहे होत. अशा दुकानास जर्मन भाषेत 'इम्बिस' म्हणतात. डोनर कबाब हा त्यांचा प्रमुख पदार्थ होय.

इतिहास

३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले जाई. पाहुण्याने यथावकाश परत जावे, ही अपेक्षा त्या शब्दातच होती. १९७३ मध्ये भरती थांबली, कारखान्यांतील काम घटले आणि अनेकांनी खाद्यविक्रीचा व्यवसाय पत्करला. पावात भरलेले डोनर कादिर नुरमान यांनी १९७२ मध्ये पश्चिम बर्लिनच्या झू स्थानकाजवळ प्रथम विकले, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या श्रेयाचे इतरही दावेदार आहेत. उभ्या सळईवर मांस भाजण्याची रीत मात्र एकोणिसाव्या शतकातील ऑटोमन साम्राज्यातील आहे.

खाद्यपदार्थ

'डोनर' या शब्दाचा अर्थ 'फिरणारा' असा आहे. मसाल्यात मुरवलेले मांसाचे काप उभ्या सळईवर रचून ती विस्तवासमोर फिरवत ठेवतात व भाजलेला बाहेरचा थर लांब सुरीने तासून घेतात. भरपूर कोबी, कांदा व लसणाचा सॉस घालण्याची पद्धत जर्मनीत रुजली. जर्मन नियमांनुसार डोनरमध्ये खिम्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक असू नये.

याखेरीज खिमा पसरून भाजलेली पातळ रोटी (लाहमाजुन) आणि लिंबू पिळून प्यावयाचे मसुराचे सूप (मर्जिमेक चोरबासी) मिळते. आयरान हे दही, पाणी व मीठ यांचे पेय म्हणजे जिरे-कोथिंबिरीवाचूनचा मठ्ठाच.

हलाल

दुकानाचा मालक मुस्लिम असला म्हणजे तेथील मांस हलाल असतेच असे नाही. कित्येक दुकानांत बिअरही विकली जाते. जर्मन कायद्यानुसार जनावरास बेशुद्ध केल्याविना कापण्यास मनाई आहे. एका तुर्की खाटिकाच्या याचिकेवर संघीय घटना न्यायालयाने १५ जानेवारी २००२ रोजी धार्मिक कारणास्तव अपवादात्मक परवाना मिळू शकतो, असा निर्णय दिला. अल्पकाळ बेशुद्ध करून केलेली कत्तल काही मुस्लिम ग्राह्य मानतात, काही मानत नाहीत.

समाज व राजकारण

२००० ते २००६ या काळात नवनाझी टोळीने नऊ स्थलांतरित व्यावसायिकांच्या हत्या केल्या. पोलिसांनी दीर्घकाळ बळींच्या आप्तांवरच संशय घेतला आणि वृत्तपत्रांनी या प्रकरणास 'डोनर-हत्या' असे नाव दिले. वस्तुतः नऊपैकी दोघेच डोनरच्या दुकानांत काम करणारे होते. माणसांना पदार्थाच्या नावाने ओळखणारा हा शब्द २०११ चा 'सर्वांत निषेधार्ह शब्द' ठरविण्यात आला. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी हाले येथे सिनेगॉगमध्ये शिरू न शकलेल्या हल्लेखोराने जवळच्या डोनरच्या दुकानात गोळीबार करून एका ग्राहकाचा जीव घेतला.

एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तुर्कस्तानच्या दौऱ्यावर ६० किलो डोनर घेऊन गेले, तेव्हा तुर्की वंशाच्या अनेक नागरिकांनी नापसंती दर्शविली. त्याच वर्षी डाव्या पक्षाने डोनरची कमाल किंमत ४.९० युरो ठेवण्याची मागणी केली. डोनरची पाककृती युरोपीय संघात संरक्षित करावी, असा अर्ज तुर्कस्तानातून २०२२ मध्ये करण्यात आला होता. जर्मनीने हरकत घेतल्यानंतर तो सप्टेंबर २०२५ मध्ये मागे घेतला गेला.