आधी त्याची आई दाखवा

घोडीला पहिल्यांदा कुठला घोडा दाखवायचा, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा आत्यांच्या स्थळांवरही झाला नसेल. आजोबा नाशिकरोड स्टेशन ते शालिमार टांगा हाकायचे. त्यांच्या लहानपणी याच वाटेने ट्राम धावत असे. 1889 साली सुरू झालेली ही ट्राम आधी घोडेच ओढत, आणि तिचं गावातलं टोक मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेशी होतं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. “आम्ही टांगेवाल्यांनी ट्राम बसवली,” असं आजोबा मिशीला पीळ देत सांगायचे. ती बसली खरी तोट्याने, पण टांगेवाल्याला इतका अभिमान परवडतो.

त्यांची चिमणी नावाची कुमैत घोडी चार वर्षांची झाली, माजावर आली आणि टांगा अड्ड्यावर जो तो शहाणा झाला. कुणी म्हणालं, गळ्यावर देवमण, म्हणजे केसांचा शुभ भोवरा, असलेलाच घोडा हवा. कुणाला पंचकल्याणी हवा होता, चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. भोवऱ्यांचं शास्त्र तर असं की एका भोवऱ्याने घर भरतं आणि दुसऱ्याने मालक मरतो. ते ऐकलं की टांगेवाले इतके दिवस जगले कसे, हाच प्रश्न पडतो. पण सगळ्यांचं एकमत होतं ते एकाच गोष्टीवर. पहिलारू घोडीला लागलेला घोडा तिच्या रक्तात कायमचा मुरतो. पुढे कितीही घोडे बदला, शिंगरात पहिला डोकावणारच. म्हणून पहिला चुकला की घोडी बाटली. हे सांगताना म्हातारे घोडीवरून सुनांवर घसरायचे आणि आजी आतून भांडी आपटायची.

अशिक्षितांची समजूत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण विलायतेतले लॉर्डही तेच मानत होते. लॉर्ड मॉर्टन यांनी आपल्या अरबी रक्ताच्या घोडीला आधी क्वागा, म्हणजे झेब्र्याचा आता नामशेष झालेला भाऊबंद, दाखवला. पुढे तीच घोडी दुसऱ्याकडे गेली, तिथे तिला काळ्या अरबी घोड्यापासून शिंगरं झाली आणि त्यांच्या अंगावर पट्टे दिसले. 1821 साली रॉयल सोसायटीने ही हकीकत छापली, आणि पुढे डार्विननेही ती खरी धरली. शतकाच्या शेवटी एडिंबराच्या कोसर इवार्ट यांनी मातोपो नावाचा झेब्रा पाळून घोड्या आधी त्याला आणि मग घोड्याला दाखवल्या. दुसऱ्या वेतात झेब्रा कुठेच उतरला नाही. गंमत म्हणजे पाठीवरचा काळा पट्टा आणि पायांवरच्या रेषा घोड्यांत मुळातच असतात. काठेवाडी घोड्यांत त्या इतक्या सर्रास असत की पट्टे नसलेला घोडा अस्सल मानत नसत, हे डार्विननेच लिहून ठेवलं आहे. म्हणजे बिचारी घोडी बाटली नव्हती. पट्टे तिच्या कुळातलेच असावेत.

आजोबांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी घोडा निवडला तो एका धनगराकडून. आज जिथे इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक आणि रथचक्र चौक आहे, त्या बाजूला तेव्हा वडाळा-पाथर्डीकडची शेतं होती. पिकं निघाली की धनगरांचे वाडे तिथे उतरत. खतासाठी शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेत आणि मोबदल्यात धान्य देत. वाड्यासोबत बुटकी, काटक घोडी असत. जातं, भांडी, घोंगड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि या सगळ्यावर तान्हं पोर, असा संसार पाठीवर घेऊन ती चालत. ही भीमथडी. भीमाकाठच्या मुलखावरून नाव पडलेली, खांद्याला सव्वाचार फुटांच्या आसपास.

आजोबांना तिथला एक घोडा आवडला. त्यांनी पाय चाचपले, दात पाहिले, खूर उचलून बघितला. म्हातारा धनगर म्हणाला, “घोडा नंतर बघ. आधी त्याची आय बघ, तिची इतर पोरं बघ. मग माझ्या नातवाला याच्या पोटाखालून जाऊ दे आणि तवा बघ.” मुलगा खालून गेला. वर कोंबड्या फडफडत होत्या, घोडा शेपटीने माशा वारत उभा. अड्ड्यावर आजोबांचं हसं झालं. देवळालीच्या छावणीकडे उंच घोडे असताना यांनी तट्टू आणलं म्हणून. पण पुढे अकरा महिन्यांनी चिमणीला शिंगी झाली, आणि तीच पुढे टांग्याला लागली. स्टेशनच्या इंजिनाच्या शिट्टीला ती कधी बुजली नाही.

बुटका घोडा घेण्यामागे आजोबांची एक भीती होती: घोडा मोठा तर शिंगरू मोठं, आणि पहिलारू घोडी अडते. ही भीती बरीचशी फोल आहे. 1938 साली केंब्रिजच्या वॉल्टन आणि हॅमंड यांनी धिप्पाड शायर आणि चिमुकले शेटलंड यांचा उलटसुलट संकर केला. शेटलंड आईच्या पोटी जन्मलेलं शिंगरू शेटलंडएवढंच निघालं. शायर आईचं त्याच्या तिपटीच्या आसपास. जन्मताना शिंगराचा आकार आईच्या कुशीत ठरतो. उंच घोड्याची उंची पुढे वाढत्या वयात दिसते, आणि अडचणीही तेव्हाच येतात: लहान खुरांवर मोठं धड.

हा उंचीचा सोस जुना आहे. भीमथडी मुळात अरबी, तुर्की घोडे आणि इथली तट्टं यांच्या मिसळीतून घडली असं मानतात. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगीराचा सरकारी पागेतला. घोडा गेला की शिलेदाराचा बारगीर व्हायचा. त्यामुळे घरच्या घोडीचं चांगलं शिंगरू ही त्याची पतच होती. 1818 नंतर फौजाच मोडल्या. कंपनी सरकारने शिरूरजवळ आलेगावला घोडपैदास केंद्र काढलं, तेही 1842 च्या सुमारास गुंडाळलं. आलेगावच्या नावामागचा ‘पागा’ तेवढा राहिला. भीमथडी टिकवली ती धनगरांनी, कारण त्यांना उंची नको होती, चाल हवी होती. 2024 च्या सुरुवातीला तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली.

परवा वडाळ्याकडचा एक तरुण घोडेवाला भेटला. वरातींसाठी त्याने एक घोडी घेतली आहे, आणि आता तिचं पहिलं वेत घ्यायचं आहे. “काका, सारंगखेड्याच्या यात्रेत नुकरा पाहिलाय. दुधासारखा, फोटोत लई भारी दिसतो.” तापीकाठची ती यात्रा मी पाहिली आहे. दत्तजयंतीला मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे घोडे असे नाचवतात की कुणाचीही मती गुंग व्हावी. पण नाचणारा घोडा स्वभावाने कसा, हे त्या गर्दीत कळत नाही. मी त्याला विचारलं, त्याची शिंगरं पाहिलीस? आई पाहिलीस? रक्त तपासलंय का? ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि निदान झालं तर जनावर मारावं लागतं. इक्वाइन इन्फेक्शियस ॲनिमियालाही इलाज नाही. तो म्हणाला, “मालक म्हणतो ना, निरोगी आहे.”

हिशेबही त्याने केला नव्हता. कुठल्याही महिन्यात घोडी फळवली तरी गाभणपणाचे शेवटचे महिने आणि शिंगरू लहान असतानाचे दिवस धरले तर एक लग्नसराई बुडतेच. बुडवायचीच तर अशा शिंगरासाठी बुडवावी, जे बँडच्या ढोलाला आणि फटाक्याला बुजणार नाही.

तेव्हा घोडीवाल्यांनो, पहिल्या वेताला घोडा असा बघा: अनुभवी, शांत, घोडीने लाथ झाडली तरी न पिसाळणारा, पायाने निकोप, आणि तुमच्या घोडीत जे उणं आहे त्यात भक्कम. पशुवैद्याकडून घोडी आणि घोडा दोन्ही तपासून घ्या, आणि अहवाल डोळ्यांनी वाचा. घोडी भीमथडीची असेल तर घोडाही भीमथडीचाच शोधा. त्यासाठी वाड्यावर जावं लागलं तरी चालेल. रंग आणि भोवरे शेवटी बघा. मालकाने आई दाखवायची टाळाटाळ केली, तर घोडी घेऊन घरी या.